रकाना चार

मूल्यमापन समिती सोमवारी येते आहे.
प्रपत्र सात, रकाना चार:
विभागाचा शैक्षणिक प्रभाव.
फक्त अंक भरावेत.

खिडकीखाली वेंगुर्ल्याचं बंदर, ओहोटी लागलेली.
पडद्यावर एक बारीक रेघ उघडझाप करते आहे,
खिडकीआडच्या कारकुनासारखी:
हं, बोला.

अंक आहेत माझ्याकडे.
शोधनिबंध दोनशे बारा.
बुडापेस्टपासून क्योतोपर्यंत नऊ विद्यापीठांत
आमची मुलं फळ्यापुढे उभी आहेत,
आणि त्यातली दोघं तरी
इंग्रजीतून 'समजा' म्हणतानाही
आपल्याकडचा हेल काढतात म्हणे.

पण दाऊद होडेकर कुठे भरू?
एम.एस्सी.ला दोनदा आपटला. बर्फाचा कारखाना चालवतो.
आंबोली चढून बेळगाव गाठेपर्यंत
कुठल्या पेटीत किती बर्फ उरेल,
त्याची वक्ररेषा तो लादीवरच बोटाने काढतो.
ट्रक सुटायच्या आत ती विरघळते.
हिशेब चुकत नाही.

आणि मनवा कुबल?
लिलावात व्यापारी म्हणाला,
आश्विनात बांगड्याचा भाव पडतोच, नेहमी.
पाटीवरून हात न काढता ती म्हणाली,
नेहमी? एक प्रतिउदाहरण देऊ?
तिने तीन दिली.

असो. मला केरकर सरांचं सांगायचं होतं.

अकरा वर्षं त्यांचं प्रमेय जगभर चाललं.
मग क्राकोवहून एक पत्र आलं,
आमच्याच इनास फर्नांडिसच्या विद्यार्थिनीचं,
म्हणजे नात्याने सरांची नातच.
आदरपूर्वक विचारते, तिने लिहिलं होतं,
पान आठ, ओळ तीन:
हे कशावरून?

हा आमचाच शब्द.
सर तो दिवसातून चाळीस वेळा वापरत,
आमच्यावर, शिपायावर, मासळीवालीवर.
आता तो सात समुद्र ओलांडून
त्यांच्याच टेबलावर येऊन बसला होता.

रात्रभर खोलीत दिवा होता.
सकाळी परिसंवादात त्यांनी फळ्यावर
तिसरी ओळ लिहिली, फक्त तिसरी.
म्हणाले, इथे मी सीमा आणि बेरीज यांची जागा बदलली.
एकसमान अभिसरण तपासलं नाही.
खरं वाटलं, म्हणून धरलं.
खडू ठेवला. चष्मा पुसला.
चहा कोणी घेतला नाही.

त्या ओळीवर सेहेचाळीस निबंध उभे होते, परक्यांचे.
सरांनी सेहेचाळीस पत्रं लिहिली, हाताने.
काउंटरवरच्या सातार्डेकरांनी गठ्ठा पाहून विचारलं,
सर, लगीन कोणाचां?
नाय रे, सर म्हणाले, बाराव्याचां आमंत्रण.

उत्तरं येत राहिली दीड वर्ष.
कोणाचं घर त्या ओळीवाचूनही टिकलं,
अकरा जणांचं कोसळलं,
एकाने चार पानं शिव्या दिल्या, सभ्य भाषेत.
तीही सरांनी पिन लावून ठेवली.
आणि त्या मुलीला, क्राकोवच्या, वाट सापडली,
तिसरी ओळ टाळून जाणारी,
लांबची, काट्याकुट्याची, पण पोचणारी.
निबंधाच्या तळटीपेत तिने आभार मानले:
के. यांचे, पत्राबद्दल.
प्रमेयाबद्दल नव्हे.

मी 'सेहेचाळीस' भरते.
यंत्र क्षणभर थांबतं. मग तांबड्या अक्षरांत:
पुरावा जोडा. दोन एमबीपर्यंत.

मला हसू येतं. एवढ्या प्रपत्रात
हा पहिलाच प्रश्न सरांना आवडला असता.

फाइल काढते. खाऱ्या हवेने पिना गंजल्यात.
एकेक कागद काचेवर ठेवते, झाकण दाबते,
आणि पडद्यावर प्रत्येक पत्राच्या डाव्या कोपऱ्यात
गंजाचे दोन ठिपके उमटतात.

ते पुसायची सोय आहे, एक बटण.
राहू दे.